हात न लावता मूर्ती फिरवताना: एका छोट्या संग्रहालयातील त्रिमितीय दालनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका छोट्या संग्रहालयाचं आहे. संस्थेचं आणि गावाचं नाव इथं दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, पण कामाचा क्रम आणि त्यातले निर्णय जसे झाले तसेच लिहिले आहेत.

संग्रहात सातवाहन काळातल्या लहान लहान वस्तू आहेत. तेर म्हणजे जुनं तगर, पैठण म्हणजे प्रतिष्ठान, आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन, या पट्ट्यात अशा वस्तू बऱ्याच मिळाल्या. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या बाजारपेठांचा उल्लेख आहे आणि इथला माल भडोचच्या बंदरात जात असल्याचंही त्यात लिहिलेलं आहे. या वस्तूंमध्ये सर्वांत देखण्या आहेत त्या केओलिन मातीच्या मूर्ती. पांढरट, बारीक पोताची ही माती दोन साच्यांत दाबत. एका साच्यातून पुढचा अर्धा भाग निघे, दुसऱ्यातून मागचा. मग दोन्ही जोडून आतून पोकळ मूर्ती तयार होई. म्हणून या मूर्तींची पाठ कोरी नसते. वेणी कशी गुंफली आहे, कमरेच्या मेखलेची गाठ कुठं आहे, हे सगळं कारागिरानं मागच्या साच्यात घडवलेलं असतं.

संग्रहालयात मात्र या मूर्ती भिंतीला टेकलेल्या काचेच्या कपाटात आहेत. पाठ कुणालाच दिसत नाही. वीतभर उंचीची मूर्ती, तीही चार फुटांवरून, काचेवरच्या प्रतिबिंबातून बघायची. शाळेच्या सहली येतात, मुलं कपाटासमोरून रांगेनं निघून जातात.

संग्रहपालांची मागणी साधी होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरानं घडवलेली पाठ लोकांना दिसावी आणि मूर्ती त्यांनी स्वतः फिरवून बघावी. एका देणगीतून थोडा निधी मिळाला होता. जवळच्या शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले शिक्षक आणि विद्यार्थी तयार झाले. हातांच्या खुणांची रचना करण्याचा भाग माझ्याकडे होता.

मूर्तींची त्रिमितीय प्रतिकृती करणं त्यामानानं सोपं गेलं. प्रत्येक मूर्तीचे चहूबाजूंनी, एकमेकांवर बरेच येतील असे फोटो घेतले आणि सॉफ्टवेअरनं ते जुळवून आकार काढला. केओलिनचा पृष्ठभाग चकाकत नाही, त्यामुळं ही पद्धत इथं छान चालली. हस्तिदंती तुकड्यांवर ती चालली नाही, कारण त्यांची चकाकी दर फोटोत जागा बदलते. ते तुकडे आम्ही पहिल्या टप्प्यातून वगळले.

अडचण

प्रदर्शनासाठी आधीच ठरलेलं उपकरण म्हणजे 45 अंशांत तिरकी बसवलेली अर्धपारदर्शक काच आणि वर उलटा टांगलेला पडदा. पडद्यावरचं चित्र काचेत परावर्तित होतं आणि मागच्या काळ्या पोकळीत मूर्ती तरंगते आहे असं वाटतं. बाजारात याला सर्रास होलोग्राम म्हणतात. मुळात ही जॉन हेन्री पेपर यांनी 1862 मध्ये लंडनच्या रंगमंचावर दाखवलेली भुताची करामत. दोन्ही डोळ्यांना तेच सपाट चित्र दिसतं. मान हलवली म्हणून मूर्तीची दुसरी बाजू दिसत नाही. खोलीचा भास होतो तो मूर्ती फिरते तेव्हाच. म्हणजे फिरवणं हीच इथली मुख्य गोष्ट. ते अडखळलं की मूर्ती लगेच सपाट चित्र होऊन बसते.

तरंगणारी मूर्ती काचेच्या आत, हात बाहेर. स्पर्शाला जागाच नाही. शिवाय कोरोनाची सालं अजून सगळ्यांच्या लक्षात होती. शेकडो मुलांनी एकाच पडद्यावर बोटं ठेवावीत हे संस्थेला नको होतं. म्हणून हवेतल्या हातानं चालणारी व्यवस्था करायचं ठरलं.

पहिली मांडणी पाठ्यपुस्तकातल्यासारखी होती. चिमूट धरून ओढलं की मूर्ती फिरते, दोन्ही हात लांब नेले की मोठी होते, हात झटकला की पुढची मूर्ती येते, मूठ वळली की थांबते, आणि आणखी काही खुणा. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना ती सहज जमली. संग्रहालयात पहिल्याच आठवड्यात ती कोलमडली.

एक आजी पुढं आल्या. एका हातानं पदर सावरलेला, दुसरा हात मोकळा. त्यांनी विचारलं, “हात कुठं ठिवू, बाबा?” मदतनीस म्हणाला, “ठिवू नका आजी, नुसता वर धरा.” “मग धरलाय की!” हात खरंच वर होता, खांद्याच्याही वर. हाताची हालचाल टिपणारा सेन्सर खालून वर बघतो, आणि त्याला साधारण 10 ते 60 सेंटिमीटर उंचीपर्यंतचाच हात नीट दिसतो. त्यांचा हात त्या हद्दीच्या बाहेर होता. हवेत कुठंच रेघ नसते, त्यामुळं हद्द कुठं संपली हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात शेजारी उभे असलेले गुरुजी मुलांना हातवारे करत मूर्तीची माहिती सांगू लागले. त्यांचा हात सेन्सरच्या टप्प्यात आला आणि मूर्ती गरगर फिरून पुढची आली. हाताला हात म्हणून ओळखणारं यंत्र तो हात बोलतोय की हुकूम देतोय हे ओळखत नाही. या क्षेत्रात ही अडचण फार जुनी आहे. हात लावेल ते सोनं होणाऱ्या, ग्रीक कथेतल्या मायडस राजाचं नाव तिला दिलेलं आहे, कारण इथंही प्रत्येक हालचाल आज्ञा होऊन बसते.

कोणते पर्याय होते

या टप्प्यावर काम थांबवून सगळे पर्याय पुन्हा मांडले.

सर्वांत साधा पर्याय म्हणजे मूर्ती आपोआप संथ फिरत ठेवायची. काहीच बिघडत नाही, पण बघणारा पुन्हा नुसता बघणाराच राहतो. मुलं कपाटासमोर जेवढी थांबत तेवढीच इथंही थांबली असती.

दुसरा पर्याय लाकडी चकतीचा. चकती फिरवली की मूर्ती फिरते. हा पर्याय मला आजही मोलाचा वाटतो. केवळ एका अक्षाभोवती फिरवायचं असेल तर हाताला लागणारी, जड, फिरणारी वस्तू हवेतल्या हातापेक्षा अचूक असते. स्पर्शातून हाताला जी खबर मिळते ती हवेत मिळत नाही. दोन कारणांनी तो मागं पडला. एक, स्पर्श नको हा संस्थेचा आग्रह. दुसरं, मूर्ती थोडी वाकवून डोक्यावरचा केशसंभार वरून बघता यावा ही संग्रहपालांची इच्छा. चकती तेवढं करू शकत नाही.

डोक्यावर घालायचा हेडसेट हा तिसरा. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स 2016 पासून आणि त्याची दुसरी आवृत्ती 2019 पासून या कामासाठी वापरली जात होती (2024 मध्ये तिचं उत्पादन थांबलं), आणि या पर्यायांत खरी खोली दाखवणारा तोच. पण एका वेळी एकच माणूस, प्रत्येकानंतर स्वच्छता, किंमत मोठी, आणि सहलीच्या रांगेत प्रत्येकाच्या डोक्यावर तो घालून उतरवायचा. बैठकीत हा विषय पाच मिनिटांत संपला.

उरला हवेतला हात. त्यातही दोन वाटा होत्या. साधा वेबकॅम आणि गूगलनं 2019 मध्ये खुलं केलेलं, हातावरचे 21 बिंदू ओळखणारं मीडियापाइप हे सॉफ्टवेअर, ही जवळजवळ फुकट पडणारी वाट. पण तिरक्या काचेतलं प्रतिबिंब खुलण्यासाठी दालन अंधारं लागतं आणि वेबकॅमला उजेड लागतो. एकाची गरज पुरवली की दुसरं आंधळं होतं. म्हणून स्वतःच इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश टाकून हात बघणारा सेन्सर कायम ठेवला. त्याला अंधार चालतो. त्याला चालत नाही ते ऊन, आणि ते प्रकरण पुढं आलंच.

काय केलं

आधी यंत्र बंद केलं आणि माणसं बघितली. पडद्यामागं एक विद्यार्थी माउस घेऊन बसला. समोरच्या माणसाला एवढंच सांगायचं, “मूर्ती मागून बघायची आहे, हातानं फिरवा.” तो जे काही करेल त्यानुसार विद्यार्थी मूर्ती फिरवणार. लोकांना वाटे यंत्रच चाललंय. माणसाच्या मनातली खूण यंत्राच्या बंधनाशिवाय बघायची ही पद्धत संगणक-संवादाच्या संशोधनात गेली चाळीसेक वर्षं रूढ आहे. आमच्या कामाला खरी दिशा तिनंच दिली.

जवळपास सगळ्यांनी तळहात पसरून, हवेत एखाद्या गोल वस्तूवर ठेवावा तसा धरला आणि आडवा सरकवला. चिमूट क्वचितच कुणी केली. दोन हात वापरणारे फारच थोडे. कारण समोरच दिसत होतं: एका हातात पिशवी, पदर, मोबाइल किंवा कडेवरचं मूल. दोन हात लांब नेऊन मूर्ती मोठी करण्याची खूण ज्यांचे दोन्ही हात रिकामे आहेत त्यांच्यासाठी घडलेली होती. आमच्याकडे येणाऱ्या बायकांचे हात तसे नव्हते.

बोटांचा निर्णय एका शेतकऱ्यामुळं झाला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेलेली होती. त्यांनी तळहात धरून अगदी सहज हालचाल केली आणि विद्यार्थ्यानं मूर्ती फिरवली. नंतर त्यांनाच विनंती करून खऱ्या सेन्सरसमोर हात धरायला सांगितलं, तेव्हा सॉफ्टवेअर नसलेली बोटं कल्पनेनं भरून काढू लागलं आणि चिमूट असल्याचं, नसल्याचं क्षणाक्षणाला बदलत राहिलं. कडबाकुट्टी आणि मळणीयंत्र घरोघरी असलेल्या भागात असे हात अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत. त्या संध्याकाळी बोटांवर अवलंबून असलेल्या सगळ्या खुणा काढल्या. यंत्रानं फक्त तळव्याचा मध्य बघायचा: तो आडवा सरकला की मूर्ती उभ्या अक्षाभोवती फिरते, वर-खाली झाला की थोडी झुकते.

मग प्रश्न आला नमस्काराचा. संग्रहात लज्जागौरीची मूर्ती आहे. ती समोर तरंगताना दिसली की अनेकांचे हात आपोआप जोडले जात. पहिल्या मांडणीत जुळलेले दोन तळवे सेन्सरला एकच, विचित्र आकाराचा हात वाटत. यंत्रानं हातावर ओळखलेले बिंदू इकडून तिकडे उड्या मारत आणि देवी नेमकी नमस्काराच्या क्षणी पाठ फिरवी. एका बाईंनी ते बघून झटकन हात मागं घेतले आणि त्या दालनातून निघूनच गेल्या. कपाटातल्या वस्तूला आम्ही पुरावस्तू म्हणत होतो, त्यांच्यासाठी ती देवी होती.

यावर दोन मतं पडली. काही विद्यार्थ्यांचं म्हणणं, नमस्कार ही इतकी स्पष्ट खूण आहे तर तिलाच काम द्या; हात जोडले की माहिती सुरू होईल. संग्रहपालांचा याला ठाम विरोध होता आणि मला तो पटला. नमस्कार यंत्राला केलेला नसतो. शेवटी ठरलं की दोन तळवे जवळ आले की यंत्रानं काहीही करायचं नाही. मूर्ती हळू समोर वळते आणि हात सुटेपर्यंत तशीच स्थिर राहते. प्रोग्रामच्या दृष्टीनं हे काम किरकोळ होतं, पण सगळ्या प्रकल्पात सर्वाधिक चर्चा याच निर्णयावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

ऐकायचं कधी आणि सोडायचं कधी, हा त्यालाच जोडून आलेला प्रश्न. त्याचं उत्तर सुताराकडून मिळालं. काचेसमोर कमरेच्या वर येईल असा लाकडी कठडा बसवला, त्याला कोपर टेकायला खोलगट जागा केली आणि तिच्यापुढं सेन्सर ठेवला. कोपर टेकलं की तळहात आपोआप योग्य उंचीवर येतो. हवेत हात धरून ठेवल्यानं खांदा भरून येतो ही या तंत्राची नेहमीची तक्रार. कठड्यानं तीही बरीच कमी केली. गुरुजींचा बोलणारा हात कठड्यापासून दूर असतो, म्हणून तो मोजला जात नाही. हात हद्दीत आल्यावर अर्धा सेकंद स्थिर राहिला तरच यंत्र ऐकू लागतं. तेव्हा मूर्तीच्या पायाशी पिवळसर कडं उजळतं. हात बाहेर गेला की कडं विझतं आणि मूर्ती जिथं आहे तिथंच थांबते. आधीच्या फलकावर ‘ॲक्टिव्ह झोन’ लिहिलेलं होतं. आता लिहिलं, ‘कोपर इथं टेका. मूर्ती हातात आहे असं समजून हात फिरवा.’

मोठं-लहान करण्यासाठी हात पुढं-मागं नेण्याची खूण काही काळ ठेवली होती. पण कोपर टेकलेलं असताना तळहात आडवा सरकतो तो कमानीत. सरकताना तो पुढंही जातो. त्यामुळं मूर्ती फिरता फिरता फुगे आणि आकसे. फार प्रयत्न करूनही हे दोन वेगळे झाले नाहीत. शेवटी मोठं करायला एक आणि पुढची मूर्ती आणायला एक, अशी दोन मोठी बटणं कठड्याखाली लावली, कोपरानं किंवा गुडघ्यानं दाबता येतील अशी. देणगीदारांच्या प्रतिनिधींना हे रुचलं नाही. ‘पूर्णपणे स्पर्शविरहित’ असं त्यांना निमंत्रणपत्रिकेत लिहायचं होतं. संग्रहपालांनी त्यांना रांगेतल्या मुलांसोबत काही वेळ उभं केलं. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

हात थरथरतो, त्यामुळं मूर्तीही थरथरते. थरथर गाळणारं गणित कडक केलं तर मूर्ती हातामागून रेंगाळत येते, आणि या काचेत रेंगाळणं म्हणजे खोलीचा भास जाणं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘वन यूरो’ नावाची गाळणी इथं उपयोगी पडली. हात संथ असताना ती जास्त गाळते आणि वेगात असताना कमी. वयस्क माणसांच्या हातासाठी तिचे आकडे आम्ही संग्रहालयातच बसून लावले, प्रयोगशाळेत लावलेले तिथं टिकले नसते.

परिणाम

उद्घाटन पावसाळ्यात झालं आणि सगळं सुरळीत चाललं. ऑक्टोबर उजाडला तशा दुपारी चारनंतर तक्रारी सुरू झाल्या: हात दिसत नाही, मूर्ती मध्येच थांबते. आभाळ मोकळं झालं होतं आणि उतरतं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट कठड्यावर येत होतं. सेन्सर साधारण 850 नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडवर चालतो आणि उन्हात तो प्रकाश भरपूर असतो. त्यात छतावरचे जुने हॅलोजन दिवे वरून खाली बघणारे, तर सेन्सर खालून वर बघणारा. हॅलोजनची बरीचशी ऊर्जा इन्फ्रारेडमध्येच जाते. खिडकीला जाड दुहेरी पडदा लावला, दिवे बदलून पांढरे एलईडी बसवले, त्यांच्यात इन्फ्रारेड नगण्य असतं. त्रास जवळपास संपला. रुंद, चकचकीत पाटल्या घातलेल्या हाताला अजून कधीकधी अडखळायला होतं.

मदतनिसांच्या नोंदवहीतून आणि आम्ही तिथं थांबून जे पाहिलं त्यावरून तीन गोष्टी खात्रीनं सांगता येतात. लोक मूर्तीची पाठ बघतात, आणि ती बघून झाल्यावर कपाटाकडे परत जाऊन खरी मूर्ती पुन्हा बघतात. संग्रहपालांना सर्वांत समाधान याचं आहे. वेणी घातलेल्या शाळकरी मुली मूर्तीची वेणी बघून आपापसांत बोलत उभ्या राहतात, त्यांना पुढं सरका म्हणावं लागतं. दुसरं, नमस्काराच्या वेळी देवी आता हलत नाही आणि त्याबद्दल कुणी काही बोलतही नाही. तिसरं, लहान मुलांच्या गर्दीत ही व्यवस्था अजूनही कोलमडते. चार हात एकदम आले की यंत्र पहिला हात धरून ठेवतं, पण तो हात कुणाचा यावरून भांडण लागतं. तिथं मदतनीस लागतोच.

सेन्सरची काच रोज पुसावी लागते. धूळ बसते, आणि हात लावू नका असं लिहिलेलं असलं तरी बरेच जण आधी सेन्सरलाच हात लावून बघतात.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदी आधी आणि निरीक्षण नंतर, हा क्रम उलटा हवा होता. पडद्यामागच्या विद्यार्थ्याला एक टेबल, एक लॅपटॉप आणि कपाटातली कोणतीही मूर्ती पुरली असती. तिरकी काच येण्याची वाट बघायची गरज नव्हती. तसं झालं असतं तर सात-आठ खुणांचा प्रोग्राम लिहिण्यात गेलेलं सत्र वाचलं असतं.

दालनाची जागा संग्रहालयाच्या सोयीनं ठरली. इन्फ्रारेड सेन्सर बसवणार असाल तर त्या खोलीत वर्षभरात ऊन कुठून कुठपर्यंत येतं हे आधी विचारा. मराठवाड्यात ऑगस्टच्या ढगाळ दुपारी घेतलेली चाचणी मार्च-एप्रिलबद्दल काहीच सांगत नाही.

कठड्याची उंची उभ्या प्रौढ माणसाच्या कोपराची आहे. मुलांसाठी पायरी ठेवली, पण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याला कोपर टेकता येत नाही. खाली-वर होणारा कठडा सुरुवातीच्या खर्चात सहज बसला असता. आता सेन्सरची वायरिंग उखडावी लागेल. ज्यांना हात उचलताच येत नाही त्यांच्यासाठी मूर्ती आपोआप फिरवणारं बटण हवं. ते अजून झालेलं नाही आणि माझ्या मते ते सर्वांत आधी व्हायला हवं.

सेन्सरच्या आयुष्याचाही विचार कमी पडला. मायक्रोसॉफ्टनं 2010 मध्ये आणलेल्या काइनेक्टचं उत्पादन 2017 मध्ये थांबवलं. हाताचा माग काढणारी लीप मोशन ही कंपनी 2019 मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. संग्रहालयाचं कपाट पन्नास वर्षं टिकतं, ही उपकरणं दहा वर्षंही टिकतीलच असं नाही. सुदैवानं आपल्याला फक्त तळव्याच्या मध्याची जागा लागते, आणि ती कुठल्याही सेन्सरकडून मिळू शकते. सेन्सर वाचणारा भाग आणि मूर्ती फिरवणारा भाग वेगळे लिहून ठेवण्याचं काम विद्यार्थ्यांच्या पुढच्या तुकडीला दिलं आहे. त्याच्याबरोबर दिवे, पडदा आणि गाळणीचे आकडे यांची मराठीतली नोंद संग्रहालयाच्या कपाटात ठेवायची आहे, म्हणजे उद्या वेगळा तंत्रज्ञ आला तरी त्याला आम्हाला शोधत फिरावं लागणार नाही.